मोजणीच्या आठवड्यातल्या कुरडया

नियम एका पानात बसले पाहिजेत, असं माझं मत आहे. पान उलटावं लागलं की मुलं ते उलटत नाहीत आणि पुढे ‘आम्ही वाचलंच नव्हतं’ म्हणायला मोकळी होतात. म्हणून ‘अक्षय ऊर्जेची ओळख’ हा विषय माझ्याकडे आला तेव्हा धडे काढायच्या आधी मी नियमांचा कागद काढला. वर कन्नड, खाली इंग्रजी, एकूण अकरा नियम. मराठीतून मी ते वर्गात तोंडी सांगायचे.

आमचं कॉलेज बिदर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. मी तिथे फिजिक्स शिकवते. हा विषय ऐच्छिक, शेवटच्या सत्राचा, त्यामुळे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशी सगळीकडची मुलं त्यात येतात. त्या वर्षी अठ्ठावन्न होती. निम्म्यांच्या घरी मराठी, निम्म्यांच्या घरी कन्नड, औरादकडच्या दोघातिघांच्या घरी तेलुगू. शिव्या मात्र सगळ्यांच्या दखनी उर्दूतल्या. विषय सोपा आणि गुण हमखास, अशी त्याची ख्याती होती. ‘बसल्याबसल्या मार्क पडत्यात म्हणून घेतलाव’ असं एकाने मला तोंडावर सांगितलं होतं.

पहिले पाच नियम हजेरीचे आणि मोबाइलचे. सहावा, वही स्वतःच्या अक्षरात. सातवा मी ठळक छापून घेतला होता: रीडिंग स्वतः घ्यायचं, दुसऱ्याचं उतरवलेलं किंवा मनाने घातलेलं आढळलं तर अंतर्गत चाळीसपैकी शून्य आणि ऑफिसात तसं पत्र. चाळीसात शून्य म्हणजे विषय गेला. शेवटचं सत्र, म्हणून विषय गेला की पदवी गेली, निदान एका वर्षापुरती.

मी सातवा नियम वाचला तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘मॅडम, समदेच बघून लिव्हत्यात की. तुमी एवढं कामून मनाला लावून घ्यायलाव?’

‘मी मनाला लावत नाही. शून्य लावते.’

‘मग समद्यालाच लावा. म्हंजे कुणालाच लाज वाटायची न्हाई.’

वर्ग हसला. मीही हसले असेन.

आमच्याकडे प्रयोगवहीला रेकॉर्ड म्हणतात. रेकॉर्ड लिहायचं नसतं, उतरवायचं असतं. मागच्या वर्षीच्या मुलाकडून आणायचं, तपकिरी कव्हर घालायचं आणि घरात जिचं अक्षर चांगलं त्या मुलीच्या पुढ्यात टाकायचं. सख्खी बहीण नसली तर चुलत. लग्न ठरलं असेल तर होणाऱ्या बायकोकडून रेकॉर्ड लिहून घेणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि तिच्या आईला ते कौतुकाने सांगताना ऐकलं आहे. ज्यांना एवढंही जुळत नाही त्यांच्यासाठी बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे जुनी रेकॉर्डं विषयवार गठ्ठे बांधून ठेवलेली असतात. एकदा मी तिथे आधार कार्डाची प्रत काढायला गेले, तर माझीच लाल शाईतली सही यंत्राच्या काचेवर पालथी पडली होती. दुकानदाराने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे फिरवला आणि गठ्ठा आटपेपर्यंत थांबायला सांगितलं. त्या गरम कागदाच्या वासाची मला तेव्हापासून शिसारी आहे.

त्या सत्रात पहिलं काम दोन पानांच्या निबंधाचं होतं: ‘माझ्या गावातली ऊर्जा’. घरात चूल कशावर पेटते, पिठाची गिरणी कशावर चालते, शेतातली मोटर किती वाजता चालू होते, एवढंच लिहायचं होतं. निबंध आले ते गुळगुळीत. सगळ्यांनी मोबाइलला विचारलं होतं. संतपूरच्या एका मुलाने तर गावाला समुद्रकिनाराच दिला होता आणि भरती-ओहोटीपासून वीज काढली होती. मी त्याला उभं केलं.

‘संतपूरला समुद्र कुठं आहे रे?’

त्याने थोडा विचार केला. ‘मॅडम, तळ्याला म्हणला आसंल मोबाइल.’

त्याला आपली चूक वाटतच नव्हती. चूक असलीच तर मोबाइलची. मी त्या अठ्ठावन्न निबंधांवर ‘पुन्हा लिहा’ असा शिक्का मारला. पुन्हा आले तेव्हा फक्त समुद्र गेला होता.

असं सगळं असल्यामुळे मी मोजणीच्या आठवड्यावर फार भरवसा ठेवून होते. कॉलेजच्या गच्चीवर एक सोलर पॅनेल आहे, दक्षिणेला तोंड करून थोडं तिरकं बसवलेलं. खाली एका लाकडी पेटीत दोन मीटर, एक व्होल्टचं, एक अँपिअरचं. एक आठवडा ठरवून द्यायचा, सोमवार ते शनिवार. प्रत्येकाने रोज अकरा ते तीनमध्ये केव्हाही वर जायचं, दोन आकडे लिहायचे, आकाश स्वच्छ की ढगाळ ते लिहायचं आणि दारापाशी ठेवलेल्या कागदावर सही करायची. कसं भरायचं हे कळावं म्हणून मी आदल्या वर्षी स्वतः घेतलेल्या रीडिंगचा नमुना तक्ताही नियमांबरोबर वाटला होता. सूर्य काही झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही, असं मी स्टाफरूममध्ये म्हटल्याचं आठवतं. माझ्या शेजारी बसणारे केमिस्ट्रीचे सर म्हणाले, ‘नक्को मॅडम, एवढ्या मोठ्यांदा बोलू नका. उद्यापासून दुकानदार ठेवायला लागेल.’

तो आठवडा मार्चमधला होता. ऊन कडक, आकाशात कापसाच्या बोंडाएवढाही ढग नाही. सह्यांचा कागद शनिवारी माझ्याकडे आला, सहाही दिवस अठ्ठावन्न सह्यांचा. मी समाधानाने फाइलला लावला. मी स्वतः त्या आठवड्यात गच्चीवर गेले नाही. परीक्षेचे पेपर काढायचे होते आणि माझ्या कामांच्या यादीत ते वर होतं.

वह्या तपासायला मी दोन दिवस घेतले. आकडे चांगले होते. व्होल्ट जिथे असायला हवेत तिथे, अँपिअर दोनच्या आसपास, दुपारी थोडे जास्त. लाल शाईने बरोबरच्या खुणा करत मी पुढे सरकत होते आणि आपल्या नियमांचा कागद कामाला आला म्हणून मनात खूशही होते. मग एका मुलीची, एक दिवस उशिरा दिलेली वही आली आणि माझा हात थांबला.

ती चिंताकीची. बी.ए.ची, पहिल्या बाकावर भिंतीकडे बसणारी. फार बोलायची नाही, पण तास बुडवायची नाही. रोज गावाहून सकाळची बस पकडून यायची आणि शेवटची पकडून जायची. पदवी झाली की बी.एड. करायचं, असं तिने पहिल्या दिवशीच्या ओळखीच्या कागदावर लिहिलं होतं. तिच्या तक्त्यात व्होल्ट बाकीच्यांपेक्षा थोडेसेच कमी होते, पण अँपिअर कुठे शून्य पूर्णांक दोन, कुठे तीन. सहाही दिवस. आणि आकाशाच्या रकान्यात सहाही दिवस ‘स्वच्छ’.

मी बाकीच्या वह्या पुन्हा चाळल्या. सत्तावन्न एका बाजूला, ही एकटी एका बाजूला. पॅनेल एकच, आठवडा एकच. सत्तावन्न जणांचं चुकत नसतं. ही वर गेलीच नाही, घरी बसून मनाने आकडे घातले आणि तेही तिला नीट घालता आले नाहीत, असं मी ठरवलं. मला तिच्या आळसापेक्षा तिच्या बावळटपणाची जास्त चीड आली, हे खरं ते सांगते. कॉपी करायची तर निदान धड करावी.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिला उभं केलं. ‘हे आकडे कुठून आणलेस?’

‘वरून, मॅडम. जे दिसलं ते लिव्हलं.’

‘कडक उन्हात शून्य पूर्णांक दोन? पॅनेल झोपलं होतं काय?’

वर्ग हसला. ती खाली बघत म्हणाली, ‘मॅडम, तुमी एकदा वरी जाऊन या.’

‘मला वर पाठवायला लागलीस तू?’

‘तसं न्हाई मॅडम.’

‘मग कसं? सांग ना.’

ती काही बोलली नाही. मी तिला पुन्हा विचारलं, तरी नाही. तिचं ते गप्प राहणं मला उद्धटपणाचं वाटलं. मी सातवा नियम मोठ्याने वाचला, तिच्या तक्त्यावर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि शून्य लिहिलं. बाकीच्या सत्तावन्न वह्या ‘छान’ असा शेरा मारून परत केल्या. संध्याकाळी ऑफिसात पत्र दिलं. काम झालं की मी यादीतल्या ओळीवर काट मारते. तशी ती मारली.

चार दिवसांनी अटेंडरची, म्हणजे आमच्या शिपायाची, बायको कुरडयांचा डबा घेऊन स्टाफरूममध्ये आली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. तिचा नवरा ठेक्यावर आहे, कॉलेजच्या मागच्या दोन खोल्यांत ती दोघं राहतात, गच्ची झाडायचं काम तिच्याकडे असतं. हात असा की साऱ्या स्टाफच्या घरच्या कुरडया तीच करते. गहू तीन दिवस भिजवून, चीक काढून, शिजवून, सोऱ्याने पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या, हे काम आता आमच्यापैकी कुणाच्या घरी होत नाही. माझी मुलगी पुण्याला जायची होती. तिच्याबरोबर द्यायच्या म्हणून मी अक्काला आधीच फोन करून ठेवला होता.

डबा उघडून मी म्हटलं, ‘यंदा लवकर झाल्या गं. आणि किती पांढऱ्या.’

‘व्हय बाई. काचेवर घातल्या न्हवं.’

‘कसल्या काचेवर?’

‘ती तुमची तिरकी काच हाय की गच्चीवर. लुगडं हंतरलं अन् त्याच्यावर पाडल्या. खालून बी तापती, वरून बी. एका दिसात खडखड वाळत्यात. जमिनीवर तीन दिस लागत्यात, अन् वरून चिमण्या.’

ती आनंदाने सांगत होती. मी डब्याचं झाकण हातात धरून तशीच उभी होते. ‘कधी घातल्या होत्यास?’

‘तुमीच म्हणलाव, कुठं बी वाळव पण लौकर दे. तुमच्या सोमवारी घातल्या. मंगळवारी काढल्या की लगेच बडे सरांच्या, प्रिन्सिपलच्या घरच्या, त्या बुधवारपतूर. मग केमिस्ट्रीच्या सरांच्या. शुक्कर-शनवार ऑफिसातल्या बाईच्या अन् माझ्या थोड्या.’

‘त्या आठवड्यात मुलं येत होती ना रीडिंगला?’

‘कुठली मुलं? एक पोरगी यायची. ती चिंताकीची. पेटी उघडायची, लिव्हायची, जायची. कुरडयाला हात बी लावली न्हाई बिचारी. मी दिलं एक वल्लं तोंडात टाकायला, तर म्हणाली, नको अक्का, माझं लिव्हायचं ऱ्हातंय.’

‘आणि सह्यांचा कागद?’

‘तो पयल्याच दिशी कँटीनला नेला की पोरांनी. शनवारी आणून टांगला.’

ती गेल्यावर मी कपाट उघडून त्या चिंताकीच्या मुलीची वही काढली. अक्काने सांगितलेले दिवस एका कागदावर लिहिले आणि शेजारी तिचे आकडे. सोमवारी नुकत्या पाडलेल्या ओल्या कुरडया, तेव्हा सगळ्यात कमी. मंगळवारी काढायच्या आधी घेतलेलं, थोडं जास्त. बुधवारी पुन्हा कमी. ओळीओळीने सगळं जुळत गेलं. आकाश स्वच्छच होतं. ते तिने स्वच्छ लिहिलं होतं. माझ्या तक्त्यात आकाशाला रकाना होता, कुरडयांना नव्हता.

सगळ्यात लाज वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. पॅनेलवर सावली पडली की व्होल्ट फारसे उतरत नाहीत, करंट मात्र पडतो, हे मी त्याच वर्गाला तिसऱ्या तासाला शिकवलं होतं, फळ्यावर आलेख काढून. तिचे आकडे हुबेहूब तसे होते. मनाने घालणाऱ्याने दोन्ही आकडे कमी केले असते. हे मला वही हातात घेतल्याक्षणी कळायला हवं होतं. मी आकडे वाचलेच नव्हते, फक्त मोजले होते: सत्तावन्न आणि एक.

मग मी त्या सत्तावन्न वह्या परत मागवल्या आणि माझा नमुना तक्ता शेजारी ठेवला. माझेच आदल्या वर्षीचे आकडे होते. कुणी शेवटचा आकडा एकाने वाढवला होता, कुणी एकाने कमी केला होता. बऱ्याच जणांनी तेवढीही तसदी घेतली नव्हती. एकीने माझी एक खाडाखोडसुद्धा तशीच उतरवली होती. आणि त्या प्रत्येक तक्त्याखाली माझा शेरा होता, ‘छान’. मी माझ्याच आकड्यांना सत्तावन्न वेळा शाबासकी दिली होती.  शेजारच्या डब्यातून जिऱ्याचा वास येत होता. डब्याला झाकण लावून मी तो केमिस्ट्रीच्या सरांच्या बाजूला सरकवला.

मुलीला मी स्टाफरूममध्ये बोलावलं. ती आत आली आणि दारापाशीच उभी राहिली. मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही.

‘पॅनेलवर कुरडया होत्या, हे तू मला का सांगितलं नाहीस?’

‘तुमाला ठाऊक न्हवतं, मॅडम?’

‘नव्हतं.’

तिने माझ्याकडे नीट बघितलं. बहुधा पहिल्यांदाच. ‘अक्का म्हणली, ह्या तुमच्या मॅडमच्या हायत. मला वाटलं, तुमीच घालाय सांगितलाव. मग वर्गात समद्यापुढं कसं म्हणू, तुमच्या कुरडयानं माझं रीडिंग गेलं म्हणून? तुमची इज्जत जाती.’

‘आणि तुझी?’

‘म्हणून तर म्हणलो की, एकदा वरी जाऊन या.’ तिकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना कधीकधी असं मुलग्यांसारखं बोलतात, घरच्या सवयीने. ‘तुमी गेला न्हाईत.’

आमच्याकडे मोठ्या माणसाची चूक चारचौघांत काढायची नसते. हे मुलांना घरी शिकवलेलं असतं, आम्हालाही शिकवलेलं होतं. ते शिकवणं तिने पाळलं आणि मी त्याचं शून्य केलं. मी तिची माफी मागितली. ती अवघडली. म्हणाली, ‘राहू द्या मॅडम, मार्क द्या फकस्त.’ जाताना दारातून परत फिरली. ‘पण अक्काचं नाव नका घालू कागदात. तिच्या मालकाला काढतील. ठेक्यावरचं हाय त्यांचं.’

‘मग कुणाचं घालू?’

ती काही बोलली नाही, आणि ह्या वेळी मला तिचं गप्प राहणं कळलं.

मी पत्र लिहिलं. पहिल्या ओळीत, आधीचं पत्र मागे घेते. दुसऱ्या ओळीत, मोजणीच्या आठवड्यात पॅनेलवर माझ्या घरच्या कुरडया वाळत होत्या. कुठेही वाळव असं मीच सांगितलं होतं. विद्यार्थिनीची नोंद अचूक आहे. तिसऱ्या ओळीत, उरलेल्या सत्तावन्न वह्यांतली रीडिंग उतरवलेली आहेत, ती रद्द करून मोजणी माझ्या देखरेखीखाली पुन्हा व्हावी. तिन्ही ओळी खऱ्या होत्या. घेऊन प्रिन्सिपल सरांकडे गेले.

त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढला. ‘होग्लि बिडि, मॅडम.’ म्हणजे जाऊ द्या. ‘कुरडया कशाला आणता कागदावर? उद्या तपासणीची कमिटी येणार, फाइल बघणार. कॉलेजच्या गच्चीवर कुरडया?’

‘होत्या, सर.’

‘असतील. कुणाच्या का असेनात.’

‘बुधवारच्या तुमच्या घरच्या होत्या.’

त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला.  चहा आला तेव्हा ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, ‘असं करा. त्या मुलीला पास करा, पत्र मी फाडतो. वहीवर सही करताना मागची तारीख टाका, म्हणजे पहिल्यापासून बरोबर होतं असं दिसेल. बेरजेत चूक झाली होती, असं म्हणा. विषय संपला.’

‘आणि बाकीचे सत्तावन्न?’

‘त्यांचे मार्क युनिव्हर्सिटीकडे गेले, मॅडम. सत्तावन्न मुलांचे आईबाप इथं आणून बसवायचे आहेत का तुम्हाला? आणि कशासाठी? रीडिंगसाठी?’ त्यांना खरोखर कळत नव्हतं. ते वाईट गृहस्थ नाहीत. मुलांच्या फीसाठी, बसच्या पाससाठी धावपळ करणारे आहेत. पण त्यांच्या लेखी रीडिंग म्हणजे रकाना, आणि रकाना भरला की झालं. माझ्याही लेखी तसंच होतं की काय, हा विचार मला तिथे चहा पिताना आला.

माझं आधीचं पत्र त्यांनी माझ्यासमोर फाडलं. नवीन पत्र ठेवून घ्यायला तयार झाले नाहीत. मी पुन्हा पुढे सरकवलं, त्यांनी पुन्हा मागे सरकवलं. शेवटी मी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं. भांडायला मला जमलं नाही. मला त्या केबिनमधून बाहेर पडायचं होतं.

वर्ग मात्र माझा होता. दुसऱ्या दिवशी मी जे घडलं ते मुलांना सांगितलं: कुरडया माझ्या होत्या, सहा दिवस पॅनेल झाकलेलं होतं, चिंताकीच्या मुलीचे आकडे खरे आणि माझा आरोप खोटा. अक्काचं नाव घेतलं नाही, सरांचंही नाही. ‘झाकलेल्या पॅनेलमधून दोन अँपिअर काढणारे सत्तावन्न जण ह्या वर्गात आहेत,’ मी म्हटलं. ‘तुमचे गुण युनिव्हर्सिटीकडे गेले आहेत, ते तसेच राहतील. ते कशाचे आहेत हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.’

मला वाटलं होतं, वर्ग शांत होईल. कुणीतरी मागून विचारलं, ‘मॅडम, कुरडया तळल्या का मग?’ आणि सगळे हसले. मुलीही हसल्या. पहिल्या दिवशी लाजेचा हिशेब मांडणारा तो मागच्या बाकावरचा, तिच्याकडे वळून म्हणाला, ‘म्हंजे सहा दिस एकलीच वरी जायलीस? उन्हात? येडी हायस का गं?’ त्यात द्वेष नव्हता. त्याला खरंच नवल वाटत होतं, एखादी शहाणी मुलगी बस सोडून चालत गावाला निघाल्यासारखं. शून्य मिळालं तेव्हा ते तिच्यावर जेवढे हसले होते, त्याहून त्या दिवशी जास्त हसले. वीट आला मला त्यांचा. गेली कित्येक वर्षं मी अशाच चेहऱ्यांना शिकवत होते आणि त्यांच्यावर माया करत होते, आणि त्या तासाला मला त्यांच्यातला एकही चेहरा बघवेना.

तास संपल्यावर ती वही घेऊन टेबलापाशी आली. मी तक्त्यावरची लाल आडवी रेघ खोडली, बाजूला गुण लिहिले, चाळीसपैकी पस्तीस. माझा तक्ता उतरवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना अडतीस होते.

‘आलेखाचं प्रमाण चुकलंय,’ मी सांगितलं, ‘त्याचे तीन कापले. बाकीचे दोन उशिरा वही दिलीस त्याचे.’

तिने आलेखाचं पान उलटून बघितलं. ‘व्हय. चुकलंय.’ मग म्हणाली, ‘मॅडम, इथं लिव्हून द्या की. कुरडया होत्या म्हणून. बी.एड.ला कुणी वही बघितली तर म्हणतील, हिला रीडिंग घ्यायला येत न्हाई.’

मी समासात लिहिलं: ‘मापनकाळात पॅनेलवर कुरडया वाळत होत्या. नोंद अचूक.’ सही केली आणि तारखेपाशी पेन थांबलं. सरांनी सांगितलेली मागची तारीख माझ्या डोक्यात तयार होती. ती टाकली की वही स्वच्छ दिसली असती, मधला आठवडा कुणाला कळला नसता, माझाही. मी तिला म्हटलं, ‘मागची टाकू का? बरं दिसेल.’

तिने समासातली ओळ बोटाने ओढत पुन्हा एकदा वाचली. ‘नको. तवा तुमी हे खोटं म्हणला होताव,’ ती म्हणाली. ‘आजची टाका.’